मुलं प्रश्न विचारत नाहीत? आधी त्यांना नीट बघू द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कळव्याला सीनियर केजीचा वर्ग आहे, ‘आपले मदतनीस’ हा विषय चालू आहे, तुम्ही पोस्टमनकाकांना वर्गात बोलावलंत, त्यांनी छान माहिती सांगितली, आणि शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटल्यावर एक जण म्हणाला "माझ्याकडे सायकल आहे", दुसरी म्हणाली "माझ्या पप्पांकडे पण बॅग आहे", बाकी सगळे गप्प. मग आपल्या आजूबाजूच्या माणसांबद्दल, कामांबद्दल प्रश्न विचारायला मुलांना शिकवायचं कसं?

मी बरीच वर्षं ठाण्यात बालवाडी आणि पहिली-दुसरी घेतलीय, आता नवीन ताईंची ट्रेनिंगं पण घेते, आणि हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कोणीतरी विचारतंच. पहिली गोष्ट ही की तुमच्या मुलांचं काहीही चुकलेलं नाहीये. "माझ्याकडे सायकल आहे" म्हणणारा मुलगा पोस्टमनकाकांचंच ऐकत होता, काकांची सायकल ऐकली आणि त्याला त्याची आठवली, पाच वर्षांचं मूल नवीन गोष्टीला असंच हात घालतं, आधी आपल्याकडचं काय ते सांगतं. सांगणं आणि विचारणं वेगळं असतं हे या वयात अजून पक्कं झालेलं नसतं, ते हळूहळू होतं, त्याची घाई नको.

पण आपण मोठ्यांनी क्रम उलटा लावलेला असतो. पाहुणे येतात, सगळं सांगून टाकतात, आणि सगळं सांगून झाल्यावर आपण म्हणतो आता विचारा. आता काय विचारणार? आणि मुळात ज्या माणसाला, ज्या कामाला मुलांनी धड पाहिलेलंच नाही त्याबद्दल प्रश्न पडणार कुठून. पोस्टमन त्यांनी तक्त्यावर पाहिलेला असतो, खाकी कपडे आणि खांद्याला पिशवी, बिल्डिंगमध्ये तर पत्रं खालच्या पेटीतच पडतात आणि मुलं त्या वेळी शाळेत असतात. माझं सगळं सांगणं एवढ्यावरच उभं आहे की प्रश्न बघण्यातून येतो, हाताळण्यातून येतो, आणि ज्याला खरंच माहीत आहे अशा माणसापर्यंत तो पोचला की मूल पुढचा प्रश्न विचारतं. बाकी सगळं म्हणजे ह्याची सोय कशी करायची एवढंच.

घरी हीच मुलं आईचं डोकं खातात हे सगळ्या पालकांकडून ऐकलं असेल तुम्ही. लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि नर्सरीतलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, १९८४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं, त्यात हेच दिसलं की घरी आईला प्रश्नांवर प्रश्न विचारणारी मुलगी नर्सरीत बाईंना क्वचितच काही विचारते. म्हणजे विचारण्याची ताकद असतेच. शाळेत प्रश्न बाई विचारतात आणि मुलं उत्तर देतात, हा नियम न सांगताच मुलं महिन्याभरात शिकून घेतात.

आता विषय. ‘आपले मदतनीस’ हा पाच वर्षांच्या मुलांसाठी फार पसरट विषय आहे, पोलीस, डॉक्टर, पोस्टमन, अग्निशमन दल, एका आठवड्यात सगळे. त्यापेक्षा एकच जागा घ्या, शाळेपासून चालत जाता येईल अशी, जिथे हात लावण्यासारख्या वस्तू आहेत आणि रोज काम करणारी माणसं आहेत. इस्त्रीवाल्या काकांचं टेबल, पिठाची गिरणी, भाजीवाल्या मावशींची गाडी, पंक्चरचं दुकान, रिक्षा स्टँड. वरून आलेला विषय बदलता येत नसेल तरी चालतं, कागदावर ‘मदतनीस’ राहू दे आणि तुम्ही त्यातला एकच माणूस तीन आठवडे धरा. आपल्याच भागात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालशिक्षणाचं जे काम केलं (आता ते पालघर जिल्ह्यात येतं, तेव्हा ठाणे जिल्हाच होता) त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची आणि तिथल्याच वस्तूंवर शिकवायचं, हाच धरून ठेवलेला विचार होता. आपल्याला नाक्यापर्यंत जायला काय हरकत आहे.

रिक्षा स्टँडचं उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण ठाण्यात तो सगळ्यांना जवळ असतो आणि प्रत्येक मूल रिक्षात बसलेलं असतं.

पहिल्या दिवशी जायचंच नाही. वर्गात बसून प्रत्येकाने आठवणीतून रिक्षा काढायची. इथेच गंमत सुरू होते, कोणी चार चाकं काढतं, कोणी स्टिअरिंग काढतं, आणि शेजारचा म्हणतो नाही, हँडल असतं. भांडण झालं की खूश व्हायचं. तुम्ही निकाल द्यायचा नाही, मोठ्या कागदावर लिहायचं, ‘अमुक म्हणतो चार चाकं, तमुक म्हणते तीन, आपण कोणाला विचारूया?’ झाला पहिला प्रश्न तयार, आणि तो कोणी शिकवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला जायचं. कोणाला काही विचारायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं लांबून उभं राहून बघायचं, पाटी आणि कागद सोबत, काय दिसतं ते काढायचं. दोन-तीन जणांना एकच काम, तुम्ही फक्त चाकं बघा, तुम्ही फक्त काकांचे कपडे बघा, तुम्ही रांग कशी पुढे सरकते ते बघा. असं वाटून दिलं की मुलं खरंच बघतात, नाहीतर चाळीस जण मिळून एक कुत्रा बघतात.

परत आल्यावर कागदावर जे येतं ते मी तुम्हाला सांगते, वर्षानुवर्षं हेच येतं थोड्याफार फरकाने: रात्री रिक्षा कुठे ठेवता? मीटरमधले आकडे कोण फिरवतं? पाऊस आला की काका भिजतात का? शेअरमध्ये चौथा माणूस पुढे बसला तर पडत नाही का? शू लागली तर कुठे जाता? आणि कपडे बघणाऱ्या गटातून हमखास एक येतो, काही काकांचा शर्ट पांढरा आणि काहींचा खाकी का? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. कारण त्याचं उत्तर असं आहे की ज्याची रिक्षा स्वतःची तो पांढरा घालतो आणि जो दुसऱ्याची चालवतो तो खाकी, आणि हे काकांनी सांगितलं की लगेच पुढचं येतं, मग ती रिक्षा कोणाची आहे? तो का नाही चालवत? तुम्ही त्याला पैसे देता का? सहा वर्षांची मुलं मालकी, भाडं, रोजची कमाई या गोष्टींपर्यंत आपली आपण पोचतात, आणि हा धडा कोणत्याही पुस्तकातून या वयात शिकवता आला नसता.

लिहून घेताना मुलाचेच शब्द लिहायचे, शुद्ध करून नाही, आणि पुढे नाव. ‘शू’ लिहायचं तर शूच. आपला प्रश्न बाईंनी कागदावर लिहिला हे मुलाला फार मोठं वाटतं, दुसऱ्या दिवशी आईला हाताला धरून दाखवायला आणतात.

सांगण्याचं विचारणं कसं करायचं, तर मूल म्हणालं "रिक्षाला तीन चाकं असतात" तर लगेच "प्रश्न विचार, सांगू नकोस" असं म्हणू नका, ते मूल परत तोंड उघडणार नाही. म्हणायचं "हो, तीन. आता ह्या तीन चाकांबद्दल काकांना काय माहीत असेल जे आपल्याला माहीत नाही?" आणि थांबायचं. खरंच थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलतात नाहीतर दुसऱ्याला उठवतात, आणि हेच थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद मनात मोजून बघा, वर्गात ते किती लांब वाटतात. लहान मुलांसाठी मी पाच म्हणेन.

आणि तुम्ही स्वतः मोठ्याने नवल करा. "मला कळत नाहीये, हे काका दिवसभर एकाच बाजूला बसून कंबर दुखत नसेल का?" पण उत्तर माहीत असलेला प्रश्न माहीत नसल्यासारखा विचारू नका, मुलांना ते कळतं. तुम्हाला खरंच माहीत नसलेलं शोधा, भरपूर सापडेल.

पहिले प्रश्न सगळे ‘आहे का, करता का’ असे असतील, ज्याचं उत्तर हो-नाही. असू द्या. त्यानंतर किती, कुठे, कोण, कशाने हे येतात, मोजायचे प्रश्न तर मुलांना फार आवडतात कारण उत्तर रेघा मारून लिहिता येतं. ‘का’ सगळ्यात शेवटी येतो आणि ‘का’चं उत्तर मोठ्यांनाही पटकन देता येत नाही, म्हणून मी नवीन ताईंना सांगते ‘कसं’वर जास्त भर द्या. "तुम्ही मीटर कसं सुरू करता?" म्हटलं की काका करूनच दाखवतात.

मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक मुलाकडे एकच प्रश्न, आणि तो चित्र काढून कार्डावर, कार्ड दोरीने गळ्यात. कारण समोर खरा माणूस आला की सगळं विसरायला होतं. आदल्या दिवशी शाळेतल्या शिपाईकाकांवर किंवा मावशींवर सराव करून घ्या, समोर जायचं, "काका, मी विचारू का?" म्हणायचं, विचारायचं, उत्तर ऐकेपर्यंत उभं राहायचं. हे शेवटचं शिकवावं लागतं, मुलं प्रश्न टाकून पळतात. उत्तर पण तिथेच काढायचं, दोन रेघांत.

ज्यांना विचारणार त्यांची तयारी मुलांइतकीच महत्त्वाची, आणि ती बहुतेक शाळा करतच नाहीत. आधी एकट्याने जाऊन भेटा. त्यांना सांगा भाषण नको, मुलं विचारतील तेवढंच थोडक्यात सांगा, वस्तू हातात द्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि त्यांच्या धंद्याची वेळ बघून जा. रिक्षावाल्यांची सकाळची आणि संध्याकाळची वेळ म्हणजे पोटापाण्याची वेळ, दुपारी तीनला जा. कोळीवाड्यात किंवा मासळी बाजारात जायचं असेल, आपल्याकडे चेंदणी आहे, नवी मुंबईत बेलापूरला दिवाळे आहे, तर सकाळच्या गर्दीत मावशींसमोर वीस मुलं उभी करू नका, गिऱ्हाईक तुटतं त्यांचं. टोपलीत शेवटचे दोन वाटे उरले की त्या स्वतःहून मुलांना खेकडा उलटा करून दाखवतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर बाजार सुना मिळेल, पण जाळी विणणारी, दुरुस्त करणारी माणसं तेव्हाच निवांत भेटतात आणि "आता तुम्ही बोट का नाही नेत?" हा प्रश्न तिथे आपोआप येतो.

कोळीवाड्यातलं किंवा गावठाणातलं मूल तुमच्या वर्गात असेल तर त्याला पुढे करा. आगरी-कोळी बोली त्याला येते, माशांची नावं त्याला येतात, एरवी वर्गात ‘नीट बोल’ ऐकणारं मूल त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगतं. तसंच हिंदी, भोजपुरी, गुजराती घरात बोलणारी मुलं आपल्याकडे प्रत्येक वर्गात आहेत, त्यांना प्रश्न घरच्या भाषेतच विचारू द्या. स्टँडवर निम्म्या काकांना तेच सोपं जातं.

आता अवघड भाग. मुलं विचारतात "काका, तुम्ही कचऱ्याचं काम का करता?", "तुमच्या हाताला वास का येतो?", "तुम्हाला पगार किती?" आणि आपण ताई लाल होतो आणि मुलाला गप्प करतो. गप्प केलं तर मूल एवढंच शिकतं की ह्या माणसाबद्दल बोलायचं नसतं, आणि आपल्या समाजात कोणाबद्दल बोलायचं नसतं हे कसं ठरतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून असे प्रश्न आदल्या दिवशी वर्गातच बाहेर येऊ द्या, आणि मुलांशी बोला, हा प्रश्न ऐकून काकांना कसं वाटेल, हेच दुसऱ्या तऱ्हेने विचारता येईल का. मुलंच बदलतात. "वास का येतो"चं एका मुलीने "तुम्हाला हातमोजे कोण देतं?" केलं होतं, आणि घंटागाडीवरच्या काकांनी जे उत्तर दिलं त्यावर वर्ग दोन दिवस बोलत होता, हातमोजे फाटले तर काय, काच लागली तर काय, आपल्या घरची फुटलेली काच आपण कशी टाकायची. ओला-सुका कचरा वेगळा करायचा हे मी वर्षभर घोकून घेतलं असतं तरी एवढं आत गेलं नसतं.

काका, मावशी, दादा आणि ‘तुम्ही’, हे डॉक्टरांना जसं तसंच सफाई कामगारांना, यात फरक नको. मोठी माणसं वॉचमनला ‘ए’ म्हणतात हे मुलं रोज ऐकतात.

वर्गातल्याच एखाद्या मुलाचे आई-वडील ते काम करत असतील तर सगळ्यांसमोर जाहीर करण्याआधी त्यांना एकट्यात विचारा. कोणाला फार अभिमान वाटेल, कोणी नको म्हणेल. नको म्हणजे नको.

परत आल्यावर काम संपत नाही. आधीचा कागद काढायचा, आपल्याला काय वाटलं होतं आणि काकांनी काय सांगितलं ते समोरासमोर लावायचं. चुकलेल्या अंदाजावर फुली मारू नका, बाजूला खरं उत्तर लिहा. मग खोक्यांची रिक्षा बनवा. बनवताना परत अडतं, ब्रेक पायात असतो की हातात? कोणालाच आठवत नाही. म्हणजे परत जायचं, आणि ह्या दुसऱ्या फेरीतले प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी नेमके असतात. माझ्या मते खरं शिकणं दुसऱ्या फेरीतच होतं, आणि शाळा नेमकी पहिल्या फेरीनंतर फोटो काढून विषय बंद करतात.

बाहेर न्यायची परवानगीच मिळत नाही असंही असेल तुमच्याकडे, रस्ता मोठा, मुलं चाळीस, ताई एक. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस नसेल तर मी स्वतः पण रस्ता ओलांडणार नाही. अर्धी-अर्धी तुकडी करा, दोन-तीन आई-आजी सोबत घ्या. तेही नाही जमलं तर शाळेच्या आतच बघा, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत, घंटा देणारे काका आहेत, पाण्याचा पंप आहे. "नळाला पाणी कुठून येतं?" विचारलं तर ठाण्यातली मुलं हमखास सांगतात तलावपाळीतून, म्हणजे मासुंदा तलावातून, तो त्यांनी पाहिलेला असतो ना. मग गच्चीवरची टाकी, खालची टाकी, पंप, रस्त्याखालची लाइन असं एकेक मागे जायचं, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी माणूस असतोच ज्याला पुढचं माहीत असतं, आणि शेवटी ते भातसा आणि उल्हास नदीपर्यंत जातं. नवी मुंबईतली शाळा असेल तर मोरबे धरणापर्यंत. शाळेच्या गेटबाहेर पाऊल न टाकता महिनाभर पुरतं हे.

घरी द्यायचं काम एवढंच ठेवा की आजी-आजोबांना एक प्रश्न विचारून या, "आपली बिल्डिंग आहे तिथे आधी काय होतं?" शेत, खाजण, कंपनी, चाळ, ठाण्यात काहीही निघतं. तारखांच्या मागे लागू नका. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यालाच आली, आपल्याला ह्याचा अभिमान आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला १८५३ म्हणजे काहीच नाही, त्याचं माप आजी. "आजीच्या आजीच्या पण आधी" म्हटलं की ते विचारतं, मग त्याच्या आधी लोक मुंबईला कसे जायचे? हे विचारण्यासाठीच ती तारीख आपल्या डोक्यात असायला हवी.

काही पालक म्हणतील वर्कशीट कुठेय, काही म्हणतील मूल फार तोंड वर करून विचारायला लागलंय. त्यांना प्रश्नांचा तो मोठा कागद दाखवा, पहिला आणि तीन आठवड्यांनंतरचा, शेजारी शेजारी. बोलावं लागत नाही फार.

आणि तुम्हाला पोस्टमनच करायचा असेल, कारण एकदा सुरू केलाय, तर काकांना परत लगेच बोलावू नका. पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड मिळतं अजून. प्रत्येक मुलाला एक द्या, एका बाजूला चित्र काढून घ्या, पत्ता तुम्ही लिहा, मुलाचंच नाव आणि त्याच्याच घरचा पत्ता, पिन कोडसकट, आणि सगळ्यांना नेऊन लाल पेटीत आपल्या हाताने टाकायला लावा. मग वाट बघायची. कोणाचं परवा येईल, कोणाचं आठवड्याने, एखाद्याचं येणारच नाही, आणि रोज सकाळी वर्गात हाच विषय असेल, माझं का नाही आलं, तिचं आधी कसं आलं, पेटी कोण उघडतं, त्याच्याकडे किल्ली असते का, त्याला माझं घर कसं माहीत, हे आकडे कशाला लिहिले. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, नावासकट. मग काकांना निरोप द्या की ह्या वेळी माहिती सांगायची नाहीये, फक्त पिशवी भरून या आणि खाली बसा.